न, व, र आणि एक काना

आमच्या घरचे देव रविवारी बारा वाजेपर्यंत पारोसे असत. त्यांना आंघोळ घालायचं काम माझ्या बाबांचं, आणि बाबा रविवारी सकाळी पडवीत कोडं सोडवत बसलेले असायचे. देव काही बोलत नसत. बोलायची ती माझी आते.

मुंबईहून टपालाने एक साप्ताहिक यायचं. त्याच्या शेवटच्या पानावर विस्कटलेल्या अक्षरांचं कोडं असे. सहा शब्द. प्रत्येकाची अक्षरं सुटी करून, वर त्यांचे काने, मात्रे, वेलांट्याही उपटून बाजूला ठेवलेल्या. आपण ती जुळवायची, शब्द ओळखायचा आणि पुढच्या रेघेवर त्याचा अर्थ लिहायचा, एका ओळीत. मग खालचं कूपन कापून सगळं मुंबईला पाठवायचं. बिनचूक उत्तरांतून चिठ्ठी उचलून एकाला गजराचं घड्याळ द्यायचे. पन्नासच्या दशकाचे शेवटचे दिवस होते. मालवणात तेव्हा कोणाला गजर लावून उठायची गरज नव्हती, पण घड्याळ मात्र सगळ्यांना हवं होतं.

बाबा हायस्कुलात मराठी शिकवायचे. शुद्धलेखनाच्या बाबतीत ते दयामाया जाणत नसत. एकदा शेजारच्या वाडीतून आलेली लग्नपत्रिका त्यांनी तांबड्या शाईने तपासून परत पाठवली होती. त्या लग्नाला आम्ही गेलो नाही, म्हणजे आम्हाला कोणी पुन्हा बोलावलं नाही. अशा माणसाला आजवर घड्याळ मिळालं नव्हतं याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटे. ते दर आठवड्याला बिनचूक उत्तरं पाठवत आणि दर आठवड्याला घड्याळ कोणीतरी परकाच माणूस नेई.

आते बाबांची थोरली बहीण. माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. घर सांभाळायला म्हणून आते आली आणि राहिली. शाळा चौथीपर्यंत. वाचताना ओठ हलवायची, पण वाचायची सगळं, डाळीच्या पुडीच्या कागदासकट. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. मूलबाळ नव्हतं. आतोबा पूर्वी दर वर्षी गणपतीत यायचे, पंधरा दिवस आमच्याकडे राहायचे आणि बोटीने परत जायचे. पण मी सांगते आहे त्या वर्षापर्यंत त्यांना येऊन पाच वर्षं झाली होती. श्रावणात कार्ड यायचं, यंदा गणपतीला नक्की येतो. भाद्रपदात दुसरं यायचं, रजा मिळाली नाही. आते दोन्ही कार्डं वाचून तांदळाच्या डब्यामागे ठेवायची आणि काही बोलायची नाही. ती एखाद्या गोष्टीवर बोलत नाही म्हणजे ती गोष्ट गंभीर आहे, एवढं आम्हाला कळत होतं.

मी त्या वर्षीच प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. पहिलीचा वर्ग. आठवडाभर मुलांना अक्षरं जोडायला शिकवायची आणि रविवारी घरी तोडलेली अक्षरं बघत बसायची.

कोडं सोडवताना बाबा मोठ्याने बोलत आणि आते आतून, स्वयंपाकघरातून, उत्तर देई. म्हणजे बाबा म्हणायचे, "र, ग आणि एक काना." मग आम्ही ऐकावं म्हणून थांबायचे आणि स्वतःच सांगायचे, "राग. उघड आहे."

"गरा," आतून आवाज यायचा. "फणसाचो गरो."

"बाय, काना र वर आहे."

"तुका कोणी सांगल्यान? तेनी तर काना येगळो ठेवलेलो आसा."

हे खरं होतं. मी मध्येच म्हणायचे, गारही होतं. मग बाबा चष्मा काढून पुसायचे. क, ज, ळ आणि एक काना आला की बाबांचं काजळ व्हायचं आणि आतेचं जळका. बाबांचं म्हणणं, कोडं घालणाऱ्याच्या मनात जो शब्द असेल तोच खरा. आतेचं म्हणणं, त्याच्या मनातलं त्याच्या बायकोला विचारा, आपल्याला कशाला.

तर त्या रविवारी सहावा शब्द आला. न, व, र आणि एक काना.

बाबांनी क्षणभरही घेतला नाही. "वानर," म्हणाले, आणि अर्थ लिहायला लागले. शाखामृग, कपी, मर्कट.

आत आतेचं वाटण वाटणं थांबलं. ती पदराला हात पुसत दारात आली. "वानर कित्याक? नवरा."

बाबांनी मान वर केली. मला हसू आलं, कारण अक्षरं खरोखरच तीच होती. काना र वर दिला की नवरा, व वर देऊन अक्षरं फिरवली की वानर. कोडं घालणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असेल आणि तो मुंबईत बसून हसत असेल.

"बाय, तू तर घोव म्हणतेस," बाबा म्हणाले. "नवरा हा शब्द तुझ्या तोंडी कधी ऐकला नाही."

"तोंडान घोवच म्हणतंय. पण पेपरात लिवचा म्हणजे नवराच लिवक होयो. आणि तू ह्या शाखामृग बिखामृग काय लिवलंस? माकड म्हणलंस तर जीभ झडतली?"

"अर्थ प्रतिष्ठित हवा."

"माकडाचो?"

भांडण तिथे थांबलं असतं. पण कूपन एकच होतं आणि ते बाबांनी भरलं. आते काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिने मला एस.टी. स्टँडवरच्या दुकानातून त्याच साप्ताहिकाचा आणखी एक अंक आणायला सांगितला. मी आणला. घरात एकाच आठवड्याचे दोन अंक ही गोष्ट आमच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होती.

पण आतेची खात्री होत नव्हती. म्हणून ती देवळात गेली. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा निकाल देवाकडे कौल लावून घेतात. देवाच्या पाषाणाला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, हरवलेली म्हैस, सगळं देवाला विचारतात. शब्दकोडं विचारायला बहुधा आतेच पहिली.

मी बरोबर होते म्हणून ते गाऱ्हाणं ऐकायला मिळालं. गुरवाला तिने घाईत काय सांगितलं कोण जाणे, त्याने हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक एक कोडा पडलेला आसा. नवरा काय माकड, ह्या तेका कळणा नाय. तर नवरा आसात तर उजवो दी, माकड आसात तर डावो दी आणि लेकराक मार्ग दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आते म्हणाली. मीही म्हणाले. मला हसू दाबताना ठसका लागला.

उजवी पाकळी पडली. आते देवाला नमस्कार करून ताठ मानेने घरी आली.

रात्रीपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती. त्याच दुपारी तिने टाक घेतला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पहिले पाच शब्द बाबांच्या अंकावरून उतरवले. सहाव्यापुढे नवरा लिहिलं. मग अर्थाच्या रेघेवर अडली. बराच वेळ विळीकडे बघत बसली. मग एकटाकी लिहून माझ्या हातात दिलं, "ऱ्हस्वदीर्घ बघ गो."

लिहिलं होतं, 'मुंबईहून येणार असलेला इसम.'

ऱ्हस्वदीर्घ बरोबर होतं. मी दुसरं काही बघितलं नाही. पाकीट चिकटवलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, मी तिला विचारायला हवं होतं, नाव खाली तुझं पूर्ण लिहिलंयस ते ठाऊक आहे ना. पण मी वीस वर्षांची होते आणि मला ते वाक्य फार आवडलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात निकाल आला. सहावा शब्द वानर होता. बाबा बरोबर होते, शाखामृगासकट. घड्याळ नागपूरकडच्या कोणाला तरी मिळालं. आणि त्याच पानावर, मधोमध, चौकटीत छापलं होतं, 'चुकलेलं, पण वाचण्याजोगं.' खाली आतेचा अर्थ. त्याखाली तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा.

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग अंक खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे बरोबर उत्तराला काही किंमतच नाही." त्या दिवशी देव संध्याकाळपर्यंत पारोसे राहिले.

आते आधी घाबरली. देवाने चुकीचं उत्तर कसं दिलं हे तिला कळेना. गुरवाला विचारलं तर तो म्हणाला, "देवाक वाटला तू तुझ्या घोवाचाच इचारतस." आतेला ते पटलं. मलाही पटलं. देवाला तरी एवढ्या शब्दांत फरक कुठून कळणार, तो काही हायस्कुलात नव्हता.

मग तिची भीती गेली, कारण मासळीबाजारात बायका तिला हात उंचावून हाका मारायला लागल्या. मालवणात तेव्हा एक घर सोडून दुसऱ्या घरातला माणूस मुंबईला होता. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी चौकट वाचली, ज्यांना येत नव्हतं त्यांनी वाचून घेतली. बांगडे विकणारी एक बाई टोपलीवरून उठून आतेकडे आली आणि म्हणाली, "माझो पण तसोच इसम आसा गो. तेचा नाव पण छापूक दी मा." सगळ्या हसल्या. एक-दोघी हसल्या नाहीत, त्या मासळी न घेता निघून गेल्या.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, एका मंगळवारी दुपारी, आतोबा आले.

मी शाळेतून आले होते. आते मागच्या अंगणात बांगडे साफ करत बसली होती. पुढच्या बाजूने आवाज आला, "घरात कोण आसा?" मी गेले तर अंगणात आतोबा. पाच वर्षांत पुष्कळ वाळले होते. पायाशी पत्र्याची ट्रंक, उजवा हात कोटाच्या खिशात, डाव्या हातात छापील कागदाचा कपटा. कोणाची विचारपूस न करता त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"ह्या कोणी छापल्यान?"

मी मागे बघितलं. आते दारात उभी होती, हात मासळीचे. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. ती म्हणाली, "इलास? पाय धुवा."

"पाय मागसून धुतंय. आदी ह्या सांग. अठ्ठावीस माणसां रवतत खोलीत! सकाळी उठान तांब्यो घेवन भायर पडलंय की एक तरी इचारता, काय ओ येणार असलेले इसम, जावन इलास? गोदीत पण कळला. मुकादम माका आता नावान हाक मारणा नाय!"

आतोबांचा आवाज पूर्वीपासून मोठा. शेजारच्या घरातली माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि आपण कुंपणाची काठी दुरुस्त करतोय असं दाखवू लागली. आते शांतपणे आत गेली, हात धुतले, तांदळाच्या डब्यामागची सगळी कार्डं घेऊन आली आणि पडवीत पत्त्यांसारखी मांडली.

"बसा," ती म्हणाली. "माका पण इचारूचा आसा. ही कार्डां तुमच्या अक्षरातली. हयपर्यंत. हयसून फुडे अक्षर कोणाचा?"

मी वाकून पाहिलं. इतकी वर्षं मी ती कार्डं पाहत होते, पहिलीच्या वर्गाला अक्षर शिकवत होते, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. जुनी कार्डं आतोबांच्या हातची, अक्षरं उंटासारखी मानेत वाकलेली. मागची पाच वर्षांची कार्डं वेगळ्याच अक्षरातली. गोल, सुबक, एका रेषेत.

"बरा अक्षर आसा," आते म्हणाली. "नीटस. बाईमाणसाचा दिसता. शिकलेली आसा?"

आतोबा खाली बसले. मग त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशातून बाहेर काढला आणि कार्डांच्या शेजारी जमिनीवर ठेवला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन बोटं मुळापासूनच नव्हती.

"गोदीत मालाच्या पेटयेखाली बोटां गावली," ते म्हणाले. "पाच वर्षां झाली. ता अक्षर खोलीतल्या म्हाताऱ्याचा. तो पोस्टात कारकून होतो. तेकाच सांगतंय, तो लिवता."

कुंपणापलीकडची माणसं काठी दुरुस्त करायची विसरली. आते त्या हाताकडे बघत होती. मला वाटलं आता ती रडेल. पण तिला राग आला. तो सगळ्या वाडीने ऐकला.

"बोटां गेली म्हणान घराक येवचा थांबलास? माणूस घराक बोटान येता काय पायान?"

"तसा नाय गो..."

"मगे कसा?"

मग आतोबांनी जे सांगितलं ते ऐकून मीच खाली बघितलं. गणपतीच्या पंगतीत डाव्या हाताने जेवायला लागेल, म्हणून ते येत नव्हते. गोदीत, खोलीत, तिथे कोण बघतंय. पण गावात, पाहुण्यांत, बाप्पाच्या पुढ्यात, पानावर डावा हात? लोक काय म्हणतील? भटजी काय म्हणतील? म्हणून श्रावणात यायचं ठरवायचं आणि भाद्रपदात रजा मिळायची नाही. पाच वर्षं हा माणूस एका पंगतीला भिऊन मुंबईत बसला होता.

"भटजी तुमच्या पानात जेवता?" आतेने विचारलं. मग उठली. "बांगडे थंड पडतत," म्हणाली आणि आत गेली. बांगडे अजून कच्चे होते. मी तिच्या मागे गेले तर चुलीपुढे बसून ती पदर डोळ्यांना लावत होती. मला बघून म्हणाली, "धूर जाता." चूल पेटवलेली नव्हती.

बाबा शाळेतून आले तेव्हा वाडीभर सगळं कळलं होतं. त्यांनी मेहुण्यांचा हात बघितला, "वाईट झालं," म्हणाले, आणि कपडे बदलायला गेले. संध्याकाळी लवकरच पानं मांडली. आतोबा पानावर बसले आणि नुसते बसून राहिले. भात वाढलेला, कढी वाढलेली, बांगडा तळून पुढ्यात. हात मांडीवर.

आते म्हणाली, "जेवा."

ते बसलेलेच.

माझे बाबा नियमाचे कडक. पानात मीठ कुठे वाढायचं, चित्राहुती किती घालायच्या, सगळं त्यांचं ठरलेलं. त्यांनी एकदा आतोबांकडे पाहिलं, उजवा हात मागे पाठीशी नेला आणि डाव्या हाताने भात कालवायला लागले. कालवणं कठीण गेलं. पहिला घास तोंडापर्यंत पोचेतो अर्धा धोतरावर. दुसऱ्या वेळी कढी कोपरापर्यंत आली. ते खाली मान घालून गंभीरपणे जेवत राहिले, जणू व्याकरणात तसंच सांगितलं आहे.

आते बघत होती. म्हणाली, "तू कित्याक सोंगा करतस? धोतर कोणी धुवचा?"

आतोबा हसले. बाबांच्या धोतराकडे बघून हसले आणि हसता हसता त्यांनी डाव्या हाताने बांगड्याचा तुकडा मोडला. इतक्या सफाईने काटा बाजूला केला की बाबांनी उजवा हात पुढे आणला आणि मुकाट जेवू लागले.

आतोबांनी एक महिन्याची रजा आणली होती. तक्रार मात्र सोडली नव्हती. साप्ताहिकात दुरुस्ती छापून आलीच पाहिजे, नाहीतर मुंबईत तोंड दाखवणार नाही, म्हणाले. बाबांनी मसुदा केला. 'आपल्या अंकात अमुक पानावर दिलेल्या अर्थासंबंधी कळवण्यात येते की, सदर इसम आला आहे. तरी योग्य ती दुरुस्ती छापावी.' आतोबांना मसुदा पसंत पडला. बाबांनी तो सुवाच्य अक्षरात लिहून पाठवला. साप्ताहिकाने छापला नाही. त्यांना तो विनोद वाटला असावा, आणि बाबांनी आयुष्यात केलेला तो एकमेव विनोद त्यांना स्वतःला माहीतच नव्हता.

लिहिण्याची गोष्ट आतेने काढली. म्हाताऱ्या कारकुनाचं अक्षर तिला आता बाईमाणसाचं वाटत नव्हतं, तरी पसंत नव्हतं. "माका लिवतास ता तेका कशाक कळाक होया?" तिने आतोबांना विचारलं. मग माझ्याकडे वळली. "तू पोरांका शिकवतस मा? ह्येंका शिकव. डाव्यान."

आतोबा म्हणाले, "ह्या वयात मी पाटयेर गमभन काढू?"

"तोंडार माशी बसली तर डाव्यान मारतास मा? मगे ग काढूक काय होता?"

अशा रीतीने माझ्या वर्गात पन्नाशीचा एक विद्यार्थी भरती झाला. रोज दुपारी साडेतीनला पडवीत, पाटीपेन्सिल घेऊन. पहिल्या दिवशी ग आरशातला निघाला. दुसऱ्या दिवशी भ पाठीवर पडला. पाटीला पेन्सिल करकरली की आतोबा दात आवळायचे आणि मला वाटे, आता पाटी अंगणात जाते. मी माझ्या मुलांना शाबासकी देते तशी त्यांना एकदा चुकून दिली, "शाब्बास रे!" ते रागावले नाहीत. कान लाल झाले एवढंच. आते दाराआडून बघत असायची आणि म चुकला की आतून ओरडायची, "पोट फुगला तेचा!"

तिसऱ्या आठवड्यात शब्द यायला लागले. एके दुपारी आते बाहेर येऊन बसली. म्हणाली, "बायको लिवा."

त्यांनी लिहिलं. को जरा वेडावाकडा आला, पण वाचता येत होता.

"आता अर्थ लिवा. एका वळीत."

आतोबांनी पाटीकडे बघितलं, आतेकडे बघितलं. पेन्सिल खाली ठेवली. "एका वळीत मावचो नाय," म्हणाले.

आते उठून आत गेली. त्या दिवशी तिने संध्याकाळी घावणे केले, काही कारण नसताना.

रजा संपल्यावर आतोबा बोटीने परत गेले. आम्ही बंदरावर सोडायला गेलो. समुद्र खवळलेला होता म्हणून बोट लांब उभी होती आणि माणसांना पडावातून तिच्यापर्यंत नेत होते. आतोबा पडावात चढताना आते ओरडून म्हणाली, "कार्ड टाका! तुमच्या हातान!" त्यांनी डावा हात वर केला. मग जरा थांबून उजवाही वर केला, अंगठा आणि करंगळी, बंदरावरच्या सगळ्या लोकांसमोर. आते पडाव दिसेनासा होईपर्यंत उभी होती. परतताना मला म्हणाली, भरभर चाल, घरी आमटी उघडी राहिली आहे.

पुढच्या गणपतीला ते आले. पंगतीत बसले, डाव्या हाताने जेवले. भटजींनी एकदा पाहिलं आणि आतेने भटजींच्या पानात आणखी दोन मोदक वाढले, तेव्हा त्यांनी पाहणं बंद केलं. त्यानंतर ते दर वर्षी आले, आणि साठच्या दशकात गोदीची नोकरी सुटल्यावर कायमचेच आले. रोज भांडायचे दोघं. मुख्यतः भाताच्या पेजेवरून.

पण मधली ती वर्षं कार्डं येत राहिली. आतोबांच्या डाव्या हातातली अक्षरं मुंबईत गेल्यावर पुन्हा बिघडली. ओळी वर चढत, र उलटा होई, घाईत एखाद्या शब्दातली दोन अक्षरं जागा बदलत. आते पायरीवर बसून एकेक कार्ड सकाळभर वाचायची आणि मला हात लावू द्यायची नाही. अडलं तरी विचारायची नाही. पत्ताही तसाच असायचा. मालवणच्या पोस्टात तो कोणालाच लागत नसे. म्हणून एकदा मी पोस्टमनला विचारलं, ही कार्डं न चुकता आमच्याकडेच कशी येतात? तो सायकल कुंपणाला टेकवून म्हणाला, "काय करूचा बाय! पत्तो वाचूक येणा नाय, म्हणजे तुमचाच."